चार वाजता सुटणारं घड्याळ

आरती अगदी रंगात आली होती, आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरापलीकडच्या बंद दारामागून तो आवाज आला…

जाडसर, घोगरा, सगळ्यांच्या मागे एका शब्दानं राहणारा. ओळ कोणती आहे याच्याशी त्या आवाजाला कर्तव्य नव्हतं. तो ओळीतला शेवटचा शब्द तेवढा पकडायचा आणि लहान मुलानं पतंगाचा दोरा धरावा तसा, सुटू नये म्हणून लांबवत राहायचा… लांबवत राहायचा!

विभावरीच्या हातातली झांज थबकली. समोर निरांजन ओवाळत उभ्या असलेल्या हेमचंद्रनं मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले. सतरा वर्षांच्या संसारात त्या डोळ्यांचं बोलणं तिला पाठ झालं होतं. जोरात. अजून जोरात!

आणि तिनं झांज बडवली. हो, तिनंच! तळहाताला पितळेचा काठ रुतेपर्यंत, शेजारी उभ्या असलेल्या अवनीनं दचकून कानावर हात ठेवेपर्यंत ती झांज बडवत राहिली आणि दारामागचा तो आनंदी आवाज त्या खणखणाटात बुडून गेला.

आरती संपली. दुबईच्या अल कुसैस भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दहा-बारा माणसं दाटीवाटीनं उभी होती. रमजानचा दुसराच दिवस, त्यामुळे इफ्तार झाल्यावर, ऑफिसातून घरी जाऊन कपडे बदलून सगळी आलेली.

"कुणीतरी मागून म्हणत होतं का हो?" मराठी मंडळाच्या स्मिताताईंनी मोदकाला हात घालता घालता विचारलं.

"शेजारचा टीव्ही," हेमचंद्र हसला. "रमजानच्या सीरियल चालू झाल्यात ना. भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा!"

"आमच्याकडेही तेच. भाडं मात्र भिंती सोन्याच्या असल्यासारखं!" सगळे हसले. स्मिताताईंनी सोफ्यामागची एक मोठी पिशवी पुढे ओढली. "विभावरीताई, हे तुमच्या दिरांच्या संस्थेसाठी. यंदा पांघरुणं घेतलीत. दीडशे दिरहमला पडली सगळी, म्हणजे आपले दोन हजार. पुण्याला कुणी जाणारं असलं की पाठवा. बरे आहेत ना ते तिथं?"

"हो… फार छान ठेवतात," विभावरी म्हणाली. आपल्याच तोंडून निघालेले शब्द तिला दुसऱ्या कुणाचे तरी वाटले.

फक्त समोरच्या फ्लॅटमधली सिसिलिया हसली नव्हती. वसईची ही ख्रिश्चन बाई एका क्लिनिकमध्ये नर्स होती, दरवर्षी न चुकता प्रसादाला यायची. हातातला मोदक तसाच धरून ती स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहत होती.

आणि अवनी खालच्या आवाजात म्हणाली, "मम्मा, ही वॉज जस्ट सिंगिंग."

संस्था नव्हतीच. पुण्यालाही नव्हती आणि कुठंच नव्हती.

मुरलीधर, म्हणजे हेमचंद्रचे थोरले भाऊ, पन्नाशीचे होते. शरीर वाढलं, केस पिकले, पण समज सहाव्या-सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर थांबली ती थांबलीच. आई होती तोवर आईनं सांभाळलं, आई गेल्यावर साताऱ्याच्या मावशीनं. दोन हजार आठच्या ऑक्टोबरात मावशीही गेली, आणि तेराव्याला जमलेले सगळे नातेवाईक आपापल्या चपला शोधू लागले, तेव्हा हेमचंद्रनं भावाचा हात धरला. विभावरीला त्या दिवशी नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता! तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर तो दादाला दुबईला घेऊन आला. पुढचं पुढे बघू म्हणाला.

पण पुढचं बघायला कुणाला सवडच मिळाली नाही. मंदी आली. गल्लीच्या टोकाशी रात्रंदिवस फिरणारी क्रेन एक दिवस थांबली आणि मग तिच्या हाताखालची इमारत नवव्या मजल्यावर तशीच राहिली. जानेवारीत मुरलीधरांचा व्हिसा संपला. नव्या व्हिसासाठी देशाबाहेर नेऊन परत आणायचं म्हणजे पुन्हा विमान, आणि येताना विमानात त्यांनी घातलेला आकांत हेमचंद्रला आठवत होता. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात… असं करता करता मुरलीधर बेकायदा झाले. मग खालच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, पाहू नये, लिफ्टमध्ये कुणी भेटू नये, असं करत त्यांचं जग लहान होत गेलं. आधी बाल्कनी बंद झाली, मग हॉल. शेवटी उरली ती स्वयंपाकघरामागची मेडरूम, म्हणजे मोलकरणीची खोली, जिला खिडकी नव्हती आणि जिच्या दाराला बाहेरून कडी होती.

ती कडी विभावरीला ठाऊक होती. मंडळात "संस्थेत ठेवलंय" असं सांगताना तिची जीभ अडखळली नव्हती. एप्रिलमध्ये कंपनीनं हेमचंद्रला बिनपगारी लांब रजेवर पाठवलं, आणि घर तिच्या शाळेतल्या लायब्ररीच्या नोकरीवर आलं, तेव्हा तिनं मनाची समजूतही घातली होती, की निदान हे दिवसभर घरी असतात, भाऊजींना वेळेवर खाऊ-पिऊ घालतात…

पाहुणे गेले. विभावरीनं वाटीत दोन मोदक घेतले, वर तूप सोडलं आणि मेडरूमची कडी काढली. आतून कोंदट, आंबूस वास अंगावर आला.

"वैनी! मी म्हटली!" कॉटवर बसलेल्या मुरलीधरांचा चेहरा आनंदानं फुलून गेला होता. "आरती… मी म्हटली!"

"ऐकली हो भाऊजी, ऐकली मी," ती म्हणाली. ते थोरले दीर, म्हणून त्यांना भरवताना, त्यांचं तोंड पुसतानाही तिनं कधी एकेरी हाक मारली नव्हती. "घ्या, मोदक घ्या. हात पुढे करा."

त्यांनी डावा हात पुढे केला. उजवाही करायला गेले, तर कॉट करकरली.

विभावरीनं वाकून पाहिलं. त्यांच्या उजव्या मनगटाभोवती पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी आवळलेली होती, आणि तिच्यातून ओवलेली दुसरी कॉटच्या लोखंडी दांड्याला. साइटवर वायरींचे जुडगे बांधायला वापरतात ते केबल टाय! हेमचंद्रच्या कामाच्या बॅगेत त्यांचं पुडकंच असायचं.

"हे काय आहे भाऊजी?"

"घड्याळ," मुरलीधर कौतुकानं म्हणाले. "हेमूनं दिलं. चार वाजले की काढतो. रडायचं नाही. आज हेमूनं दोनदा दिलं!"

एकदा आवळला की तो टाय सैल होत नाही, त्याला कापावंच लागतं. तिनं स्वयंपाकघरातली कात्री आणली. ती चालेना, म्हणून पक्कड आणली. पट्टी तुटली तेव्हा खालची कातडी दिसली… एकावर एक उमटलेले वळ, काही ताजे, लालभडक, काही जुने, काळे पडलेले. एका दिवसाचे नव्हेत, महिन्यांचे! त्यांच्या पायातला मोजाही तिनं काढायला घेतला. पंधरा दिवसांपूर्वी अंगठ्याला फोड आला होता, तेव्हा "मी बघतो, तू दमून येतेस" म्हणून हेमचंद्रनं ते काम आपल्याकडे घेतलं होतं. पण मोज्याला हात लागताच मुरलीधर असे किंचाळले की तिला थांबावं लागलं.

हॉलमध्ये हेमचंद्र सतरंजीची घडी घालत होता. तिनं तुटलेला टाय त्याच्यासमोर, मोदकांच्या रिकाम्या ताटात टाकला.

"तुम्ही दिवसभर घरी असता ना? मग बांधावं का लागतं?"

हेमचंद्रनं सतरंजीची आणखी एक घडी घातली.

"मी विचारतेय! आज आरतीसाठी बांधलंत, ठीक… नाही, तेही ठीक नाही! पण हे रोजचे व्रण आहेत. चार वाजता सोडता म्हणे. चार वाजेपर्यंत कुठं असता तुम्ही?"

"रास अल खोरला," तो शेवटी म्हणाला.

"तिथं काय आहे?"

"काही नाही. गाडी उभी करतो आणि बसतो…" त्याचा आवाज एकाएकी चिरका झाला. "मग काय करू? नातूर रोज विचारतो, साब, आज छुट्टी? स्मिताताईंचे मिस्टर लिफ्टमध्ये भेटतात. सगळ्या बिल्डिंगला कळू दे का, हेमचंद्रला घरी बसवलाय म्हणून? तू शाळेत गेलीस की इस्त्रीचा शर्ट घालतो, गळ्यात आयकार्ड अडकवतो आणि निघतो. दादा एकटा राहिला की दार बडवतो, हाका मारतो. कुणी ऐकलं तर? म्हणून…"

विभावरी नवऱ्याकडे बघत राहिली. आयकार्ड! गळ्यात लटकवायच्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी त्यानं सख्ख्या भावाच्या मनगटाला प्लास्टिक बांधलं होतं. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत. खिडकी नसलेल्या खोलीत. पाण्याशिवाय, संडासाशिवाय… तिच्या अंगात संताप असा उसळला की क्षणभर तिला समोरचं दिसेना. आणि त्या संतापाच्या तळाशी झांजेचा आवाज होता. तिचा स्वतःचा!

"उद्या विसर्जन होऊ दे," हेमचंद्र गयावया करत म्हणाला. "गणपतीची शपथ, उद्या काहीतरी मार्ग काढतो. एक दिवस दे मला."

तिनं एक दिवस दिला. पुढं आयुष्यभर तिला त्या एका रात्रीचा पश्चात्ताप होत राहिला.

पहाटे सहाला दाराची बेल वाजली. नर्सचा पांढरा ड्रेस घातलेली सिसिलिया दारात उभी होती. "ड्युटीवर चालले. प्रसादाची वाटी परत द्यायची होती," असं म्हणून ती आत आली, वाटी ओट्यावर ठेवली आणि सरळ मेडरूमच्या दाराकडे बोट केलं.

"उघड."

"सिसिलिया, अगं तिथं…"

"मला कान आहेत, विभावरी. टीव्हीवर कुणी मराठीत आरती म्हणत नाही. उघड."

दार उघडलं. सिसिलिया आत शिरली. मुरलीधरांच्या पायाशी गुडघ्यावर बसली, कोमट पाणी मागवलं आणि हळूहळू मोजा भिजवत, "बाबा, गाणं म्हण बघू मला एक," असं काहीबाही बोलत तो उतरवला. मोज्याबरोबर कातडीही आली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. आता तो वास कशाचा होता ते विचारायची गरज उरली नाही.

"शुगर आहे?"

"माहीत नाही… तपासलीच नाही."

"दहा महिन्यांत?" सिसिलिया उभी राहिली. तिचा गोल, हसरा चेहरा दगडासारखा झाला होता. "ऐक आता. आज हॉस्पिटलला गेले तर बोटं जातील. दोन दिवसांनी पाय जाईल. त्याच्यापुढं काय जाईल ते तुला सांगायला नको. आणि हे बघ, मी क्लिनिकला पोचले की हे लिहून देणार. आमच्या नोकरीत डोळे मिटायचा पगार मिळत नाही. पण दुपारपर्यंत थांबते. मी सांगितलं तर ‘बाहेर काढावं लागलं’ असं लिहितील. तू घेऊन गेलीस तर लिहितील, ‘घरच्यांनी आणलं’. तो फरक तुझ्या हातात आहे."

ती गेली. हेमचंद्र हॉलमध्ये गणपतीसमोर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"हॉस्पिटलमध्ये पासपोर्ट मागतील," तो म्हणाला. "व्हिसा बघतील. मनगट बघतील. पोलीस येतील, विभा! मला आत टाकतील. अवनीचं दहावीचं वर्ष आहे. सगळं खलास होईल, सगळं!"

"माणूस खलास होतोय त्याचं काय?"

"मीच त्याला आणलं ना? मावशीच्या तेराव्याला कुणी हात पुढं केला होता? तुझ्या माहेरच्यांनी?"

"तुम्ही आणलंत. म्हणून तर जास्त संताप येतो!" विभावरीचा आवाज चढला. "ज्यांनी हात पुढं केला नाही त्यांनी निदान तो बांधला तरी नाही! तुम्ही हात धरलात, विश्वास दिलात… आणि तो अजून म्हणतोय, हेमूनं घड्याळ दिलं! तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"हळू बोल…"

"नाही! दहा महिने हळूच बोलले मी!"

हेमचंद्रनं शेवटचा उपाय म्हणून मूर्तीकडे हात केला. "गणपती बसलाय घरात. दुपारी विसर्जन आहे. देव घरात असताना घर सोडून जाणार तू? आईनं कधी उंबरठा ओलांडला नाही. दिव्यापाशी कुणीतरी लागतं, हे तुला सांगायला हवं?"

विभावरीनं मूर्तीकडे पाहिलं, समईकडे पाहिलं. एकाएकी ती अगदी शांत झाली.

"बरोबर आहे तुमचं. कुणीतरी लागतं," ती म्हणाली. "तुम्ही बसा. आज ऑफिसला जायचं नाहीच आहे तुम्हाला. देवापाशी बसा आणि दिवा विझू देऊ नका. मी भाऊजींना घेऊन जाते."

"आणि विचारलं तर? माझं नाव सांगणार तू?"

"आजवर तुमचं नाव उखाण्यात घेतलं. आज कागदावर घेईन."

तिनं मुरलीधरांना हेमचंद्रचा धुतलेला सदरा घातला, स्मिताताईंच्या पिशवीतलं एक नवं पांघरूण खांद्यावर टाकलं आणि त्यांना हाताला धरून, दिवसाउजेडी, लिफ्टमधून खाली नेलं. नातूर उठून उभा राहिला. विभावरीनं त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "मेरे जेठ हैं. टॅक्सी रोको."

टॅक्सीत बसल्यावर मुरलीधरांनी काचेला नाक लावलं. "ऊन," ते म्हणाले. "वैनी, केवढं ऊन!"

सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पाय पाहिला, मग मनगट पाहिलं, आणि फोन उचलला. थोड्या वेळानं एक उंच, सावळा सुदानी माणूस आला. त्याचं नाव अहमद. हॉस्पिटलचा समाजसेवक. त्यानं विभावरीला एका छोट्या खोलीत बसवलं, पाण्याची बाटली पुढं ठेवली. स्वतःचा रोजा असल्यानं तो घोट घेणार नव्हता, पण तिनं घ्यावा म्हणून झाकण उघडून दिलं.

"सिस्टर, घाबरू नका," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही सांगाल तेवढंच मी लिहीन. जास्त नाही, कमीही नाही."

विभावरी सांगू लागली. व्हिसा, मेडरूम, पाय. अहमदचं पेन संथपणे चालत होतं.

"दार कोण लावायचं?"

एक शब्द बदलला असता तर ती सुटली असती. 'नवरा' म्हटलं असतं तर. किंवा 'मी' म्हटलं असतं तर तो सुटला असता, आणि अवनीचं घर कदाचित वाचलं असतं. टॅक्सीत तिनं तोही विचार केला होता, नाही असं नाही… सगळं आपल्या अंगावर घ्यावं! पण मग ते वळ कुणाचे? ते खोट्या नावावर कसे लिहायचे? भाऊजींना आजवर खोट्या संस्थेत ठेवलं, आता खोट्या जबानीतही ठेवायचं?

"दार आम्ही दोघांनी लावलं," ती म्हणाली. "हात माझ्या नवऱ्यानं बांधले. हेमचंद्र त्यांचं नाव. मला व्रण काल कळले, कडी पहिल्यापासून माहीत होती. आणि अजून एक लिहा. काल आमच्याकडे पूजा होती. ते आतून गायला लागले, तेव्हा मी झांज जोरात वाजवली."

"झांज म्हणजे?"

तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून दाखवले.

"का वाजवली?"

"त्यांचं गाणं कुणाला ऐकू येऊ नये म्हणून."

अहमदचं पेन थांबलं. मग त्यानं तेही लिहिलं आणि कागद तिच्यासमोर सरकवला. विभावरीनं सही केली. डोळ्यांतून इतकं पाणी वाहत होतं की आपलं नाव तिला स्वतःलाच वाचता येईना.

तीन वाजून गेले होते. संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं, आणि सलाइन लावलेले मुरलीधर वॉर्डात पडल्या पडल्या छताचे चौकोन मोजत होते. तेव्हा दारात अवनी दिसली. शाळेच्या गणवेशात, रडून लाल झालेली. तिच्या मागे हेमचंद्र होता.

"मम्मा, रमजानमुळे आज स्कूल लवकर सुटलं, मी घरी आले तर दार कोणी उघडेना," अवनी हुंदके देत सांगू लागली. "किल्लीनं उघडलं. डॅडी हॉलमध्ये नव्हते. ही वॉज इन काकाज रूम! त्यांनी स्वतःचाच हात टाय केला होता मम्मा, त्या बेडला… आणि निघत नव्हता. कटर किचनमध्ये होता. ही वॉज शाउटिंग अँड शाउटिंग, नोबडी केम!"

विभावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. एका दिवसात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. उजव्या मनगटाभोवती ताजी, लाल, सोलवटलेली रेघ होती.

"किती घट्ट असतो ते बघायचं होतं…" तो पुटपुटला. "जरासा ओढला. एकदा करकचला की मागे येत नाही. ओढावं तर आणखी रुततो. चार तास, विभा. तहान लागली. मी हाका मारल्या, दार बडवता येईना म्हणून भिंत बडवली. शेजारी कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला." त्यानं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. "दिवा विझला गं. मला आतून दिसत होता. तेल संपत आलेलं दिसत होतं, आणि मला उठता येत नव्हतं…"

ती एक पाऊलही त्याच्याकडे सरकली नाही. चार तास! त्या माणसानं किती महिने काढले होते?

तेवढ्यात मुरलीधरांनी मान वळवली. धाकट्या भावाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. सलाइनचा हात सांभाळत त्यांनी दुसरा हात पुढं केला, हेमचंद्रचं मनगट धरलं आणि त्यावरच्या लाल रेघेवरून, दुखू नये अशा बेतानं, हळूच बोट फिरवलं.

"हेमू," ते आनंदानं म्हणाले, "तुलापण घड्याळ?"

हेमचंद्र खाली कोसळला. त्या गुळगुळीत फरशीवर गुडघे टेकून, भावाच्या पलंगाच्या दांड्यावर कपाळ ठेवून तो असा रडला, की पलीकडच्या खाटेवरचे लोकही मान उंचावून पाहू लागले. मुरलीधर घाबरले. "चार वाजले?" त्यांनी विभावरीला विचारलं. "वैनी, चार वाजले ना? काढ ना त्याचं. हेमू रडतोय… काढ!"

अहमद दारात उभा होता. हेमचंद्र उठला, बाहीनं तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "माझ्या बायकोनं सांगितलं ते सगळं खरं आहे," तो म्हणाला. "पण तिनं कडीबद्दल ‘दोघांनी’ म्हटलं असेल. कडी बसवून घेतली मी. ते लिहा."

त्या संध्याकाळी पोलिसांनी विभावरीची जबानी घेऊन तिला सोडलं, आणि त्याला घेऊन गेले. त्याच संध्याकाळी मुरलीधरांची दोन बोटं गेली, पाय वाचला. आणि रात्री विभावरी-अवनीनं घरी येऊन, विझलेली समई पुन्हा लावून, क्षमा मागून, बादलीतल्या पाण्यात गणपतीचं विसर्जन केलं.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. हेमचंद्रची नोकरी गेली. मंडळातल्या दोन बायका विभावरीला पाहून रस्ता बदलू लागल्या. "नवऱ्याला आत टाकणारी" हे शब्द तिच्या कानावर पडले, आणि त्यांच्यातल्याच एकीला तिनं भर सुपरमार्केटात थांबवून विचारलं, "बांधणारा चालतो, सांगणारी चालत नाही का हो?" सिसिलिया मात्र रोज रात्री डबा घेऊन यायची. शाळेनं विभावरीचा व्हिसा हेमचंद्रच्या नावावरून आपल्याकडे घेतला, म्हणून माय-लेकी राहू शकल्या. केस, दंड, कागद, या सगळ्यांत दोन महिने गेले. नोव्हेंबरात दोघा भावांना एकाच विमानानं परत पाठवलं.

विमानतळावर हेमचंद्रनं तिला विचारलं होतं, "मला माफ केलंस?"

"नाही," विभावरी म्हणाली. "मी स्वतःलाही केलेलं नाही. भाऊजींना वेळेवर इन्सुलिन द्या. बाकीचं पुढं बघू."

मुरलीधरांच्या मनगटावर मात्र तेव्हा एक खरं घड्याळ होतं. दहा वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीनं हेमचंद्रला दिलेलं, सोनेरी काट्यांचं. पट्टा त्यानं अगदी सैल ठेवला होता.

पुढच्या वर्षी गणपती ईदला लागूनच आला. मूर्ती आणावी की नाही, असं विभावरीच्या मनात दहादा आलं. अवनीनंच आणली. घरात माणसं कमी होती. सिसिलिया होती, आणि बरीच मागं, दाराशी संकोचून उभ्या असलेल्या स्मिताताई होत्या. त्यांच्या हातात यंदाही पिशवी होती.

"ही कुठं पाठवायची ते… तुम्ही सांगाल तिथं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता. "गेल्या वर्षी मी विचारलं होतं, मागून कोण म्हणतंय म्हणून. आणि मग मोदक खाल्ला."

"आपण सगळ्यांनीच खाल्ला," विभावरी म्हणाली. "पत्ता देते. साताऱ्याचा. संस्था नाही तिथं, घर आहे."

मेडरूमचं दार अवनीनं उन्हाळ्यातच बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. आता तिथं पुस्तकं होती.

आरती सुरू व्हायच्या आधी अवनीनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि गणपतीशेजारी ठेवला. पलीकडं खोकल्याचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. "दादा, इकडं बस. पाय वर घे. हं," असा हेमचंद्रचा आवाज आला.

विभावरीनं झांज उचलली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. फोनमधून काहीच येईना. सगळे पुढच्या ओळीकडे निघाले होते, आणि तेवढ्यात हेमचंद्र घाईघाईनं म्हणाला,

"अगं थांबा… थांबा जरा! दादाचं व्हायचंय अजून."

सगळे थांबले. विभावरीनं झांजेच्या दोन्ही वाट्या पदराखाली धरून ठेवल्या. त्यांची किणकिणसुद्धा होऊ नये म्हणून छातीशी घट्ट धरल्या. गेल्या वर्षीचा संताप तिथंच होता, गेलेला नव्हता, जायलाही नको होता. पण त्या निःशब्द घरात, सातासमुद्रापलीकडून, एका शब्दानं मागे राहिलेला तो घोगरा, आनंदी आवाज आला, आणि ओळीतला शेवटचा शब्द धरून लांबवत राहिला… लांबवत राहिला.

तो संपेपर्यंत कुणीच पुढची ओळ घेतली नाही.